टिपुगडेंचं चॅट

टिपुगडेंना मी हातानंच खूण केली, जरा उठा. ते उठले, पण लांब गेले नाहीत. माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरून स्क्रीनकडे बघत उभे राहिले. तो ताल त्यांना ऐकू येत नव्हता. मला येत होता, आणि त्यानं माझी बोटं चुकत होती.

मेसेंजर उघडला, सेटिंगमध्ये गेले, कनेक्शनचं पान काढलं. तिथं एक छोटा चौकोन होता, प्रॉक्सी वापरायची का म्हणून विचारणारा. त्यात टिक केली. खाली दोन रकाने. एकात आमच्या सर्व्हरचा पत्ता, दुसऱ्यात पोर्टचा नंबर. ओके दाबलं. त्यांच्या नावापुढचा ठिपका आधी करडाच राहिला, लुकलुकला आणि एकदम हिरवा झाला.

टिपुगडेंनी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या नलूताईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"झालं वाटतं मुरलीभाऊंचं," नलूताई म्हणाल्या. "आता माझं कर गं आधी. माझी बहीण मस्कतला वाट बघत बसलीय. तिला वाटलं असेल मी रुसले."

ही गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मगदूमांची फाउंड्री होती. पंपांचे आणि इंजिनांचे बिडाचे भाग ओतून द्यायचा कारखाना. भट्टी मागं, ऑफिस पुढं. मी गडहिंग्लजहून आलेली, तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. कॉम्प्युटर बिघडला की 'कुंभोजकर' म्हणून हाक यायची ती माझ्या नावानं. मालक भूपाल मगदूम, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. माणूस दिलदार, आवाज भट्टीवरचा. कॉम्प्युटरला मात्र कधी हात लावला नव्हता.

मुरलीधर टिपुगडे तिथं ड्रॉइंग करायचे. लहानपणी तापात त्यांचं ऐकू येणं गेलं होतं, त्यापाठोपाठ बोलणंही. वडील याच भट्टीवर कामाला होते. ते वारले तेव्हा अण्णांनी पोराला ऑफिसात घेतलं. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायची पद्धत म्हणजे टेबलावर टकटक करायचं, कागद दाखवायचा, मान डोलवायची. काहीजण चिठ्ठी लिहीत. अण्णा त्यांच्या कानाजवळ जाऊन ओरडत आणि पाठ थोपटून पुढं जात.

मग ऑफिसात मेसेंजर आला. आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, त्या अक्षरांचं सोंग इथं आणत नाही, सरळ मराठीतच सांगते. सगळ्यांसाठी मिळून एक खिडकी होती, आणि हवं तर दोघांची वेगळी. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सगळ्यांच्या खिडकीत विचारलं, आज कॅन्टीनला भाजी काय? टिपुगडेंनी उत्तर टाकलं: "कालचीच. आज तिचा वाढदिवस आहे." ऑफिसभर हशा पिकला. लोक खुर्च्या वळवून त्यांच्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं शेजारी बसलेला माणूस गमत्या आहे, हे कुणाला माहीतच नव्हतं. त्यानंतर टिपुगडे काय लिहितात याची लोक वाट बघायचे.

आणि मग अण्णांनी एक दिवस मेसेंजर बंद करायला लावला.

कारण असं की, दोन मोठ्या ऑर्डरी लागोपाठ दुसऱ्या फाउंड्रीला गेल्या, थोडक्या फरकानं. आपले दर बाहेर फुटतात असं अण्णांच्या डोक्यात बसलं. मी बंद केला. टिपुगडे पुन्हा मान डोलवायला लागले. महिनाभर लोक कुरकुरले, आणि अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कुंभोजकर, ते सुरू करायचं, पण आपल्या मुठीत ठेवून. असं काय असतंय का?"

"असतं. प्रॉक्सी लावायची. आत्ता प्रत्येकाचा निरोप थेट बाहेर जातो. मग तो आधी आपल्या सर्व्हरकडे येईल आणि सर्व्हर पुढं पाठवेल."

"म्हंजे मध्ये एक माणूस बसवायचा."

"तसंच."

अण्णांनी पेनचं टोपण दोनतीनदा काढलं, घातलं. "त्या मधल्या माणसाला सगळं दिसत असंल की मग?"

"दिसतं."

"मग त्यो माणूस माझ्या टेबलावर बसव. आणि बाहेर बोलू नकोस."

म्हणून ज्या दिवशी मी टेबलाटेबलावर जाऊन ते दोन रकाने भरत होते, त्या दिवशी अण्णांच्या केबिनमध्ये एक नवा स्क्रीन लागला होता. त्यावर सगळ्यांचं बोलणं एकाखाली एक सरकत होतं. बाहेर लोक मला म्हणत होते, बरं झालं बाई, अण्णांचा राग उतरवलास. कुणी पेढा दिला. टिपुगडेंनी लिहिलं: "कुंभोजकर मॅडमनी आज एका मुक्याला वाचा दिली. मॅडम, देवळात बसा, मी नारळ आणतो."

सगळे हसले. मीही हसले. मग आतल्या खोलीत जाऊन सर्व्हरसमोर उभी राहिले. तिथं काही काम नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला ऑफिसात एका जागी बसवेना. कुठलीही टाइपिंगची टकटक ऐकली की वाटायचं, आत्ता हे काय लिहीत असतील? नलूताई बहिणीला सासूचं सांगत असतील. पॅकिंगमधला पोवार कुठल्या मुलीला काय लिहीत असेल. कुणाला जाऊन सांगावं तर अण्णांना शब्द दिलेला, आणि घरी माझ्या पगाराची वाट बघत होते. मी स्वतः तर कुणाला काही लिहायचंच सोडून दिलं.

"तुझं काय दुखतंय का?" नलूताईंनी विचारलं. "सारखी आत बाहेर, आत बाहेर. खुर्चीला खिळे लावलेत की काय?"

"ऊन फार आहे, ताई."

"पंख्याखाली बसून?"

तिकडं अण्णा केबिनमधून बाहेर पडेनासे झाले. सकाळी भट्टीवर फेरी मारायची त्यांची सवय, तीही सुटली. एकदा स्क्रीनवरची अक्षरं बारीक दिसतात म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी मोठी करून दिली. खाली बघून काम केलं, वाचलं नाही.

"दरांचं काही सापडलं का, अण्णा?"

"कशाचं दर?" ते म्हणाले, आणि मग आठवल्यासारखं, "न्हाई. तसलं कुणी काय लिवत न्हाई." स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे 'डबल एक्का' म्हंजे कोण गं? सारखं येतंय."

मी माउस जागेवर ठेवला.

"मीच न्हवं?"

"हो."

"का म्हणून?"

"तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगता, म्हणून."

अण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "दोनदा सांगतो व्हय मी," एवढंच म्हणाले आणि परत स्क्रीनकडे वळले. मी दाराशी पोचले तरी त्यांची मान तशीच पुढं झुकलेली होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ते आता काही शोधत नव्हते. आपल्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकत बसले होते, आणि त्यांना उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता त्यांनी मला पुन्हा बोलावलं. दार लावायला सांगितलं. डबा टेबलावर तसाच होता, झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं.

"टिपुगड्याचं चॅट काढून टाक."

"फक्त त्यांचं?"

"त्याचंच. बाकीच्यांचं राहू दे."

"काय झालं, अण्णा? दर फोडले त्यांनी?"

"दर कुठनं फोडतोय त्यो!" अण्णांचा आवाज काचेबाहेर गेला, बाहेरच्या दोघातिघांनी वर बघितलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्याला काय गरज आहे त्याची? त्याचं काम रेघा मारायचं. इतकी वर्षं त्याच्यावाचून काय अडलं का त्याचं? काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"त्यांना काय सांगू?"

"त्याला काय सांगाय लागतंय? मशीन बिघडलं म्हण. कायतरी खूण कर."

मी त्या स्क्रीनकडे पाहिलं. त्यांनी चटकन तो भिंतीकडे वळवला.

केबिनपासून टिपुगडेंच्या टेबलापर्यंत जायला कितीसा वेळ लागणार. पण मी मध्ये पाणी प्यायले, आतल्या खोलीत जाऊन आले, परत पाणी प्यायले. काम अगदी सोपं होतं. सेटिंग, कनेक्शन, त्या चौकोनातली टिक काढायची, दोन्ही रकाने पुसायचे. ठिपका करडा. बाकीचं ऑफिस हसत राहील आणि हा माणूस हसणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसेल. आणि तो मला विचारेल, खुणेनं, की काय झालं? आणि मी पण खुणेनंच खोटं सांगेन.

मला बघून टिपुगडे आपणहून उठले. त्यांना वाटलं, काही दुरुस्ती आहे. खुर्ची रुमालानं झटकून दिली. उभ्या उभ्याच वाकून त्यांनी आमच्या दोघांच्या खिडकीत टाइप केलं: "मॅडम, तोंड का उतरलंय? डबल एक्का ओरडला का? दोनदा?"

मी बसले. सेटिंग उघडलं. कनेक्शनचं पान समोर आलं. टिक होती, रकाने भरलेले होते, माझेच. माउस त्या चौकोनावर नेला. ते मागं उभे होते, आणि त्यांची बोटं पुन्हा माझ्या खुर्चीच्या पाठीवर वाजत होती.

मी सेटिंगचं पान तसंच बंद केलं. उठले. माझ्या टेबलाशी गेले, माझ्या नावानं सगळ्यांची खिडकी उघडली आणि लिहिलं:

"मी वृषाली कुंभोजकर. आपण इथं जे लिहितो ते सगळं अण्णांना त्यांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर दिसतं. दोघांच्या खिडकीतलंसुद्धा. प्रॉक्सी लावली त्या दिवसापासून. मला आत्ता टिपुगडेंचं चॅट काढायला सांगितलंय. मी काढणार नाही."

एन्टर दाबलं तेव्हा माहीत होतं, की ही अक्षरं आत्ता केबिनमध्येही उमटली असणार. ती तिथं उमटावीत म्हणूनच चिठ्ठी न लिहिता इथं लिहिलं होतं.

ऑफिसातली टकटक एकदम थांबली. पोवारनं "आयला" म्हटलं आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. नलूताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बहिणीचं, सासूचं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसत होतं. टिपुगडेंना शांतता कळली नाही. पण सगळ्यांचे हात थांबलेले त्यांनी पाहिले. मग वाकून स्क्रीन वाचला.

त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून ते हळूच बसले. थोड्या वेळानं सगळ्यांच्या खिडकीत त्यांची ओळ आली:

"अण्णा, काल मी इस्माईलला लिहिलेलं वाचलं का?"

इस्माईल हा त्यांचा कर्णबधिरांच्या शाळेतला मित्र. हुबळीला छापखान्यात होता. एवढं आम्हाला माहीत होतं.

केबिनचं दार उघडलं. अण्णा सरळ माझ्याकडे आले.

"तू घरी जा. उद्यापासनं येऊ नकोस. उद्यापासनं येऊ नकोस म्हटलं."

"बरं, अण्णा."

ते टिपुगडेंच्या टेबलाकडे वळले. सवयीनं त्यांच्या कानाशी वाकले, "टिपुगडे!" म्हणून ओरडले. टिपुगडेंनी मान वर केली. डोलवली मात्र नाही. नुसते बघत राहिले. मग स्वतःच्या ओळीवर बोट ठेवलं: वाचलं का?

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "ये इकडं. लिही. म्हणावं, असलं कायबाय लिवायला मी तुला कामाला ठेवला न्हाई."

मी पर्समध्ये डबा कोंबत होते. झाकण बसेना. "मला काढलंत ना, अण्णा," मी म्हणाले. "आता तुम्हीच लिहा."

मला अजून कळत नाही, तेवढं बळ कुठून आलं. अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी उठेना. टिपुगडेंनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला, आणि शेजारची रिकामी खुर्ची पायानं ओढून दिली.

अण्णा बसले. उजव्या हाताचं एक बोट पुढं करून ते अक्षरं शोधायला लागले. ती खिडकी सगळ्यांची होती, त्यामुळं त्या दोघांकडे बघायची कुणालाच गरज नव्हती. जो तो आपापल्या स्क्रीनकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं टिपुगडेंच्या नावाखाली अण्णांची पहिली ओळ आली.

"तुला कोण बोलले."

टिपुगडेंनी कीबोर्ड ओढून घेतला. त्यांची बोटं पळत होती.

"कोणी नाही. इस्माईलला लिहिलं ते मला काचेतून दिसलं. मी ओठ वाचतो. मला सांगून आलेल्या मुलीचे वडील आणि मामा चौकशीला आले होते. तुम्ही म्हणालात, पोरगा चांगला आहे, पण संसार त्याला झेपणार नाही, तुमच्या मुलीचं वाटोळं करू नका. ते उठून गेले. मी इथंच बसलो होतो. रेघा मारत."

नलूताईंनी ओढणी तोंडाशी धरली. अण्णांनी ते हळूहळू वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. कीबोर्ड पुन्हा त्यांच्याकडे गेला.

"मी भल्यासाठी."

"मुलगी मला आवडली होती."

"तुझ्या बा ला मरताना शब्द दिला. तुझी काळजी मला."

"मला विचारलं का? इतक्या वर्षांत एकदा तरी? पाहुणे आले की मला दाखवता, बाजारात म्हैस दाखवतात तसं. पाठ थोपटता. मला चहा पाहिजे का, हेसुद्धा तुम्ही दुसऱ्याला विचारता."

अण्णांचे कान लाल झाले होते. "जास्त बोलू नको," त्यांनी लिहिलं.

"आजच बोलतोय," टिपुगडेंनी लिहिलं.

मी दारापर्यंत गेले होते, पण पाय निघेना. पोवारच्या मागं उभी राहून त्याच्या स्क्रीनवर वाचत राहिले. मी आल्यापासून अण्णांनी ऑफिसातल्या प्रत्येकाला कधी ना कधी झापलं होतं. मला, नलूताईंना, पोवारला तर आठवड्यातून एकदा. टिपुगडेंवर ते कधीच चिडले नव्हते. ज्यानं आपल्याला काही उलट म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही, त्याच्यावर कोण चिडेल? त्या दुपारी अण्णा त्यांच्यावर चिडले होते. अगदी मनापासून, आमच्यावर चिडायचे तसे. आणि टिपुगडे खुर्चीच्या टोकावर पुढं येऊन बसले होते, डोळे लाल, श्वासाची शिट्टी वाजत होती, आणि तरी त्या चेहऱ्यावर एक जिवंतपणा होता, जो मी विनोदांच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता.

पुढचं मला नलूताईंकडून फोनवर कळत गेलं. भांडण दुसऱ्या दिवशीही झालं. माफीबिफी कुणी मागितली नाही. तो केबिनमधला स्क्रीन अण्णांनी स्वतः वायर उपटून बाहेर आणून ठेवला, आणि आठवड्याभरानं स्वतःसाठी मेसेंजर लावून घेतला, तोही दुसऱ्या एका मुलाकडून. माझं नाव काढायची कुणाला परवानगी नव्हती. दिवाळीनंतर टिपुगडे पुण्याला दुसऱ्या कारखान्यात गेले. त्यांना जाऊ नको म्हणून अण्णांनी इतकं लांबलचक लिहिलं म्हणे, की ते वाचायला पोवारनं चष्मा लावला. दर कुणी फोडत नव्हतं. दुसऱ्या फाउंड्रीनं नवी भट्टी घेतली होती, त्यांना स्वस्त पडत होतं. मला दोन महिन्यांनी सांगलीला काम मिळालं.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. नोकरी गेली होती, घरी काय सांगायचं ते ठरत नव्हतं, आणि मी परक्या माणसांचं भांडण वाचत उभी होते.

अण्णा मध्येच अडकले. रागाच्या भरात एक वाक्य सुरू केलं आणि दुसऱ्याच शब्दाला त्यांचं बोट कीबोर्डवर भिरभिरायला लागलं. वर गेलं, खाली आलं. अक्षर सापडेना. तोंडानं ते काहीतरी पुटपुटले, आणि मग एकदम लक्षात आल्यासारखं, टिपुगडेंकडे वळून त्यांनी बोटानं हवेत आडवी रेघ काढली, तिच्या टोकापासून खाली तिरकी, मग परत आडवी.

टिपुगडेंनी ते पाहिलं. अजून रागानं धापत होते. हात पुढं करून त्यांनी डाव्या कोपऱ्यातलं झेड दाखवलं.

अण्णांनी ते दाबलं, आणि पुढचं अक्षर शोधायला लागले.